मुंबई लांब आहे, असे म्हणणे आता बंद करा



परवा एका सिमहाला गेलो होतो. जेवणाच्या टेबलावर शेजारी एक तरुण जोडपे बसले होते. दोघेही आपल्यातलेच, जन्म मात्र इकडचा. आम्ही सहज विचारले, "मुंबईला कधी जाणार? आजी वाट पाहत असेल." नवऱ्याने मान हलवली आणि म्हणाला, "अंकल, मुंबई फार लांब आहे हो."

आम्ही गप्प बसलो. जेवण पुढे चालले. पाचच मिनिटांत त्याच जोडप्याने फोन काढून फोटो दाखवायला सुरुवात केली. समुद्र, नारळाची झाडे, होडी. आम्हाला क्षणभर वाटले, रेवदंडा की काय! पण नाही. ते थायलंड होते. दोघे तिसऱ्यांदा जाऊन आले होते.

वाचकहो, त्या रात्री घरी येऊन आम्ही नातवाचा ॲटलास काढला. म्हातारपणी माणसाला राग आला की तो भांडतो किंवा हिशेब करतो. आम्ही हिशेब केला. तो आज तुमच्यापुढे मांडतो, आणि त्याबरोबर थोडे भांडणही.

लोदच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंतचे सरळ अंतर सुमारे ४,०५० किलोमीटर आहे. लोदपासून बँकॉक जवळजवळ ७,००० किलोमीटर. तिकडे जाणारे विमान भारतावरूनच पुढे जाते. म्हणजे आपली मुले आजीच्या डोक्यावरून उडत जातात, पुढे आणखी तीन हजार किलोमीटर जातात, आणि परत येऊन आपल्याला सांगतात की आजी लांब राहते!

थायलंड सोडा. लंडन घ्या. लंडनला आपल्यातले कितीतरी लोक चार दिवसांची सुटी मिळाली तरी जाऊन येतात. लोद ते लंडन सुमारे ३,६०० किलोमीटर. मुंबई त्याच्यापेक्षा जेमतेम साडेचारशे किलोमीटर पुढे. न्यूयॉर्क तर ९,००० किलोमीटरांच्याही पलीकडे, मुंबईच्या दुपटीहून जास्त. पण न्यूयॉर्कला जाऊन आलेला माणूस "लांब होते" असे कधी सांगत नाही. तो दुकाने किती मोठी होती ते सांगतो.

आता वेळेचे पाहू. प्रवासी विमान ताशी साडेआठशे ते नऊशे किलोमीटर वेगाने जाते. ४,०५० किलोमीटरला पावणेपाच तास धरा. चढण्या-उतरण्याचा वेळ मिळवा. सरळ वाट मोकळी असेल तर लोदहून मुंबई सव्वापाच-साडेपाच तासांवर आहे. येताना वारा समोरून असतो, म्हणून थोडे अधिक लागते, सहा तास म्हणा. सहा तासांत आपल्या बायका पेसाहची निम्मी साफसफाईसुद्धा उरकत नाहीत.

घड्याळही आपल्याला फसवते. हिवाळ्यात मुंबईचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास असते, उन्हाळ्यात अडीच तास. हिवाळ्यात रात्री नऊला लोदहून निघालेला माणूस साडेपाच तासांत उतरतो, पण मुंबईच्या भिंतीवर सकाळचे सहा वाजलेले असतात. तो म्हणतो, "रात्रभर प्रवास केला, नऊ तास!" अरे बाबा, त्यातले साडेतीन तास पृथ्वीचे आहेत, तुझे नव्हेत. परतताना तेच तास तुला व्याजासकट परत मिळतात. सकाळी सातला मुंबई सोडलीस तर सहा तास उडूनही इथे साडेनऊलाच हजर.

मग "मुंबई लांब आहे" हे आले कोठून?

आमच्या घरची गोष्ट सांगतो. सांगायला जड जाते, पण त्याशिवाय आमचा राग तुम्हाला कळायचा नाही.

काही वर्षांपूर्वी एका गुरुवारी मध्यरात्री ठाण्याहून फोन आला. आई गेली. शुक्रवारी शब्बाथच्या आत माती देणे भाग होते आणि तिकडच्या भावांनी ते सगळे केले. आम्ही पोहोचणे शक्यच नव्हते. पण निदान शिव्हाला तरी भावंडांबरोबर जमिनीवर बसावे, एवढीच इच्छा होती. सरळ विमानात जागा नाही म्हणाले. शब्बाथ पाळला. शनिवारी रात्री मध्ये विमान बदलायचे तिकीट घेऊन निघालो. पहिले विमान उशिरा सुटले, दुसरे आमच्याशिवाय निघून गेले. ज्या देशात आमचे कोणी नाही, तिथल्या विमानतळावर आम्ही एकोणीस तास खुर्चीवर बसून काढले. पुढच्या विमानात जागा मिळाली ती सोमवारी रात्री. मंगळवारी दुपारी ठाण्याच्या घरात पाय ठेवला तेव्हा शिव्हाचा पाचवा दिवस होता. आईच्या खाटेवरची गादी केव्हाच उचललेली होती.

सव्वापाच तासांची वाट आम्ही अडीच दिवसांहून अधिक वेळात चाललो. आणि भेटायला आलेल्या शेजाऱ्यांनी काय म्हणावे? "काय करणार, तुम्ही किती लांब!" आम्ही मान डोलावली. तीच आमची चूक. त्या दिवशी आम्ही म्हणायला हवे होते, "लांब नाही हो. लांब केले आहे."

कोणी केले ते ऐका. नकाशावर लोद आणि मुंबई यांच्यामध्ये पट्टी ठेवली की ती जॉर्डन, सौदी अरेबिया आणि आखातावरून जाते. पिढ्यानपिढ्या इस्रायलला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांना हे आकाश बंद होते. १९७९ पर्यंत निदान तेहरानला आपली विमाने जात होती. इराणमध्ये क्रांती झाली आणि तोही दरवाजा लागला. १९९२ च्या जानेवारीत भारत आणि इस्रायल यांचे राजनैतिक संबंध जुळले, पण आकाशातील भिंत होती तिथेच होती. पुढे एल अलचे मुंबईचे विमान तांबड्या समुद्रावरून दक्षिणेकडे उतरायचे, अरबस्तानाला खालून वळसा घालायचे आणि मग मुंबईकडे वळायचे. साडेपाच तासांचे साडेसात-आठ तास व्हायचे. ते जादा तास समुद्राने घेतले नव्हते, माणसांनी घेतले होते.

मग २२ मार्च २०१८ हा दिवस उगवला. एअर इंडियाचे दिल्लीहून निघालेले विमान सौदी अरेबियावरून उडत लोदला उतरले. सत्तर वर्षांची बंदी मोडली. आम्ही आनंदाने टाळ्या वाजवल्या. सौदीने आपले आकाश सर्व कंपन्यांना खुले केले ते जुलै २०२२ मध्ये, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमाननेही तेच केले. एल अललाही सरळ वाट मिळाली. लोद आणि मुंबई या दोन गावांमधले अंतर एका इंचानेही बदलले नाही, तरी प्रवास दोन तासांनी कमी झाला. अंतर कोण ठरवते, याचा याहून मोठा पुरावा आणखी काय हवा?

ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटले आणि सगळी वेळापत्रके पुन्हा विस्कटली. दिल्लीची सेवा बंद पडली, सुरू झाली, पुन्हा बंद पडली. ४ मे २०२५ रोजी लोदच्या विमानतळाजवळ क्षेपणास्त्र पडले तेव्हा दिल्लीहून निघालेले विमान अबू धाबीला वळवावे लागले. युद्धापुढे कोणाचे चालत नाही, हे आम्ही जाणतो. त्याबद्दल आम्ही कोणालाही दोष देत नाही. युद्ध असले की लंडनही लांब होते. आमचे भांडण शांततेच्या दिवसांशी आहे.

आता एक प्रश्न विचारतो. एअर इंडियाचे सरळ विमान दिल्लीहूनच का सुटले? कोणी म्हणेल, दिल्ली जवळ असेल. आम्हालाही तसेच वाटले होते. हिशेब केला आणि थक्क झालो. लोद ते दिल्लीही सुमारे ४,०५० किलोमीटरच! दोन्ही शहरे लोदपासून जणू दोरी धरून मोजून ठेवली आहेत. तेव्हा अंतराची सबब इथे चालायची नाही.

आणि ही सबब देण्याचा अधिकारही कोणाला नाही. ५ जुलै २०१७ रोजी पंतप्रधान मोदी तेल अवीवला आले होते. भारतीय वंशाच्या लोकांचा मोठा मेळावा भरला. आपल्यातले हजारो लोक दिमोना, बेर शेवा, अश्दोद, रामले इथून बसगाड्या भरभरून गेले. सक्तीची लष्करी सेवा केलेल्यांनाही ओसीआय कार्ड मिळेल, असे त्या दिवशी जाहीर झाले. आणि दिल्ली, मुंबई व तेल अवीव ही शहरे विमानाने जोडली जातील, असेही जाहीर झाले. मुंबईचे नाव निघताच टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो कोणाचा होता? दिल्लीच्या व्यापाऱ्यांचा नव्हता. तो आपला होता. आठ महिन्यांनी विमान सुटले ते दिल्लीहून. घोषणेत मुंबई होती, विमानात नव्हती. आणि आपण? एक पत्रसुद्धा लिहिले नाही. सणाला भेटलो की चहा पिताना कुरकुरलो, आणि "मुंबई लांब" म्हणून घरी गेलो.

विमान कुठून सोडायचे ते कंपन्या ठरवतात, ठीक आहे. कंपनी काही धर्मशाळा नव्हे. पण कंपनीला कोणीतरी सांगायला हवे की इथे बेने इस्रायलांची घरेच्या घरे आहेत, त्यांचे आईबाप, भाऊ, कबरी आणि मशिदी मुंबई, ठाणे आणि कोकणात आहेत, आणि त्यांना दिल्लीत उतरून पुन्हा दुसरे विमान पकडायचे नाही. आपण एकेकटे, गुपचूप, मिळेल त्या वाटेने जातो. कोणी अदिस अबाबाहून जातो. ४,०५० किलोमीटरांचे जवळजवळ ६,४०० होतात, पण तिकीट थोडे स्वस्त पडते म्हणून जातो. २०२० साली अमिरातींशी करार झाला, तेव्हापासून कोणी दुबईहून जातो. दुबई तर अगदी सरळ रेषेवर आहे. तिकडून गेल्याने अंतर दहा-वीस किलोमीटरांनीसुद्धा वाढत नाही. वाढते ते फक्त बाकड्यावर बसणे. म्हणजे पाहा, वाट तीच, किलोमीटर तेवढेच, आणि तरी प्रवास दुप्पट!

आम्हाला ठाऊक आहे, काही वाचक आता मासिक खाली ठेवून म्हणतील, "आता तिकडे उरलेत कोण?" हा प्रश्न आम्हाला फार झोंबतो. भारतात आपले लोक थोडे उरले आहेत हे खरे. काही हजारच. पण थोडे उरले म्हणून जायचे नाही, की थोडे उरले म्हणूनच जायचे? घरात दहा माणसे असतात तेव्हा एकाने चौकशी केली नाही तरी चालते. एकटी म्हातारी असते तेव्हा चालत नाही. कित्येक गावांत मशीद आहे पण मिन्यान जमत नाही. कुलूप उघडायला एखादाच माणूस उरला आहे. तो रोज आपल्यासाठीच कुलूप उघडतो, हे विसरू नका.

दुसरे म्हणतील, "तिकीट महाग आहे." कबूल. पाच माणसांच्या कुटुंबाला ते परवडत नाही, हेही कबूल. पण थायलंडला हॉटेलचे भाडे भरावे लागते. मुंबईला मावशीच्या घरी चटई टाकली की झाले, आणि सकाळी वर चहा-चपाती मिळते. हिशेब करायचा तर पुरा करा.

तिसरे म्हणतील, "मुलांना रस नाही." मुलांना रस नाही की मुलांना सांगितलेच नाही? लहानपणापासून त्यांनी आपल्या तोंडून एकच ऐकले आहे: मुंबई लांब, मुंबई गर्दीची, मुंबईचे पाणी बाधते. मग त्यांना रस कोठून येणार? बार मिट्झ्वाच्या मुलाला एकदा नवगावला न्या. जिथे आपले पूर्वज फुटक्या गलबतातून किनाऱ्याला लागले असे आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलो, त्या जमिनीवर त्याला उभे करा. एलिया हनाबीचा रथ जिथे टेकला असे आपण मानतो त्या खंडाळ्याला मलिदा करा. त्या खडकावरच्या खुणा त्याला हाताने चाचपू द्या. मग विचारा, रस आहे का.

आणि आता एक नवी गोष्ट. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. हा विमानतळ पनवेल तालुक्यात आहे, रायगड जिल्ह्यात. म्हणजे आपल्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात! ज्या जिल्ह्यात आपण शनवार तेली म्हणून घाणे फिरवले, ज्याच्या गावांवरून आपली पेणकर, रोहेकर अशी आडनावे पडली, त्याच जिल्ह्यात विमानतळ झाला आहे. पनवेलची मशीद १८४९ सालची आहे. आपले पणजोबा पनवेलहून बैलगाडीने आणि होडीने मुंबईला जात, त्यांचा अर्धा दिवस जाई. उद्या लोदचे विमान तिथे उतरले तर पणतू साडेपाच तासांत थेट पणजोबांच्या दाराशी उतरेल. असे विमान मागायला आपण नाही तर कोण पुढे येणार? अश्दोदमध्ये बसून पेणचे नाव घेणारे या देशात दुसरे आहेत तरी कोण?

तेव्हा आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली आपल्याच मंडळांकडे. तुमच्या बैठकांत हॉलचे भाडे आणि जेवणाचा मेनू यांवर तासन्‌तास चर्चा चालते. एक तास या विषयाला द्या. सगळ्या गावांच्या मंडळांनी मिळून एकच निवेदन करा, त्याखाली हजारो सह्या घ्या, आणि ते दोन्ही सरकारांना व विमान कंपन्यांना पाठवा. मजकूर साधा असू द्या: २०१७ साली मुंबईचे नाव घेतले होते, ते आम्ही विसरलेलो नाही. मुंबई आणि लोद यांच्यामध्ये सरळ, नियमित, बाराही महिने विमान हवे. उत्तर आले नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवा. १९६० च्या दशकात आपल्या वडीलधाऱ्यांनी विवाहाच्या हक्कासाठी या देशात निदर्शने केली, उन्हात बसले, आणि १९६४ साली आपले म्हणणे मान्य करून घेतले. त्यांना इंग्रजी धड येत नव्हते, हिब्रू त्याहून कमी. आपल्याला दोन्ही येतात, आणि आपण एक अर्ज लिहीत नाही!

दुसरी मागणी प्रत्येक मशिदीकडे. तातडीच्या प्रवासासाठी एक लहानसा निधी काढा. कोणाची आई, कोणाचा बाप तिकडे गेला की त्या रात्री तिकिटाचे पैसे कुठून आणायचे, याची चिंता त्या माणसाला पडता कामा नये. सणाला जो नेदर बोलतो त्यातला थोडा हिस्सा इकडे वळवा. निदान शिव्हाच्या पहिल्या तीन दिवसांत तरी आपला माणूस पोहोचला पाहिजे. आम्ही पोहोचलो नाही. दुसऱ्या कोणाच्या नशिबी ते येऊ नये.

तिसरी मागणी तुम्हा-आम्हा सगळ्यांकडे, आणि तिला एक शेकेलही लागत नाही. "मुंबई लांब आहे" हे वाक्य घरात बोलू नका. हवे तर "तिकीट महाग आहे" म्हणा, "सुटी नाही" म्हणा, "युद्ध आहे" म्हणा, "कंटाळा आला आहे" म्हणा. खरे काय ते म्हणा. "लांब" म्हटले की सगळे सुटतात. सरकार सुटते, कंपनी सुटते, आणि आपणही सुटतो. दोष बिचाऱ्या समुद्रावर जातो, आणि समुद्राला कोण जाब विचारणार?

शेवटी एवढेच सांगतो. नवगावला, अलिबागला, म्हसळ्याला आपले पूर्वज किती शतके राहिले, ते त्यांनाच ठाऊक. ना विमान, ना तार, ना नकाशा. येरुशालायिम किती किलोमीटर आहे हे त्यांना कोणी सांगितले असते तरी कळले नसते. तरी ते रोज पश्चिमेकडे, तिच्याकडे तोंड करून उभे राहत. त्यांच्यातल्या एकानेही "फार लांब आहे" म्हणून तोंड फिरवले असते, तर आज आपण इथे नसतो. त्यांनी इतकी शतके जे अंतर मोजले नाही, ते आपण साडेपाच तासांसाठी मोजत बसलो आहोत.

तिकडे ठाण्याला, पनवेलला, पेणला अजूनही कोणाची तरी आजी खिडकीत बसली आहे. तिला ४,०५० हा आकडा ठाऊक नाही. ती विचारते एवढेच, "कधी येणार?"

त्या तरुण जोडप्याला आम्ही हा लेख वाचायला देणार आहोत. तुम्हीही आपल्या घरातल्या जोडप्याला द्या.